आपल्या विहिरीत डायनासोर का नाही?

हिंगोलीत प्रदर्शनी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दसरा, रामलीला मैदान, आकाशपाळणा, धुळीत मिसळलेला भज्यांचा वास आणि गर्दीत हरवलेला, फोन न उचलणारा एखादा मित्र. आता कल्पना करा, त्याच मैदानाच्या कडेला एक लांबलचक बस उभी आहे. बसच्या अंगावर सिनेमातला दात विचकणारा टी-रेक्स नाही. तिथे एका गोगलगायीचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय : ‘मी तुमच्या शेजारची.’

अशा बस खरंच असतात. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक संग्रहालयाने १९६५ साली फिरत्या विज्ञान प्रदर्शनाची सुरुवात केली. पुढे ही कल्पना देशभरातल्या विज्ञान केंद्रांनी उचलली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ २०१५ पासून शाळाशाळांत जाते. केवळ जीवाश्मांची, तीही आपल्या भागातल्या जीवाश्मांची बस आज आपण मनातल्या मनात हिंगोलीत आणूया. बस मनातली आहे, पण आतला एकही नमुना मनातला नाही.

तिकीट नाही. चपला काढायची गरज नाही. चढा.

संशयित नंबर एक

बसमध्ये शिरल्या शिरल्या पहिला नमुना बघून तुम्ही म्हणणार, हा तर आमच्या बांधावरचा धोंडा! बरोबर. काळा पाषाण, बेसाल्ट. गावाकडे विहीर खोदताना पाहिली असेल तर क्रम तुम्हाला पाठ आहे. वर काळी माती, मग मुरूम, मग हा. याच्यापुढे पहार चालत नाही, ब्लास्टिंगवाला बोलवावा लागतो.

हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो बाहेर आला, पसरला, थंड झाला. मग पुन्हा आला, पुन्हा पसरला. असं लाखो वर्षं चालू होतं. आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर भूभागावर त्याचे थर उरले आहेत आणि आपला जिल्हा जवळजवळ सगळा त्यावर बसलेला आहे. तापलेल्या लाव्ह्यात हाड टिकत नाही, पान टिकत नाही. म्हणून तुमच्या विहिरीत डायनासोर सापडत नाही. प्रश्न मिटला?

इतक्यात नाही. डायनासोर जगातून गेले तेही साधारण याच काळात. कुणी घालवले, हा खटला अजून चालू आहे. एक आरोपी मेक्सिकोत पडलेला प्रचंड अशनी. दुसरा आरोपी आपला लाव्हा आणि त्याच्यासोबत हवेत गेलेले विषारी वायू. म्हणजे बघा, विहिरीत मयत सापडत नाही, पण विहीर ज्या दगडात खोदली तो दगडच संशयित आहे!

२०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी या लाव्ह्याची वयं छापली. दोघांनीही नमुने पश्चिम घाटातले घेतले होते. एका गटाने थेट लाव्ह्याचं वय मोजलं आणि सांगितलं की बहुतांश लाव्हा डायनासोर गेल्यानंतर बाहेर आला. दुसऱ्या गटाने लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या लाल मातीतून झिरकॉनचे बारीक स्फटिक वेचले. त्यांना उद्रेकाचे झटके दिसले आणि त्यातला एक मोठा झटका विनाशाच्या आधीचा निघाला. तोच दगड, दोन चांगल्या प्रयोगशाळा आणि उत्तर एक नाही. विज्ञानात वाद होतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी तरी हे उदाहरण सांगतो. वाद आहे म्हणजे काम चालू आहे.

ती लाल माती तुम्हीही कदाचित पाहिली असेल. जुन्या विहिरीत किंवा रस्त्यासाठी फोडलेल्या डोंगरात काळ्या दगडाच्या मधोमध विटेच्या रंगाचा एक पट्टा दिसतो. लाव्हा काही काळ थांबला होता, त्या सुट्टीतली ती माती आहे. पुढच्या वेळी दिसली तर ‘गेरू आहे’ म्हणून पुढे जाऊ नका, दोन मिनिटं थांबा.

गोगलगाय आणि एक बुडालेला माणूस

लाव्ह्याच्या या सुट्ट्यांमध्येच सगळी गंमत घडली. थंड झालेल्या दगडावर पाणी साचलं, तळी झाली, पाणवनस्पती उगवल्या, गोगलगाई आल्या. मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने तळ्याच्या गाळावर झाकण घातलं. असे गाळाचे थर सगळीकडे नाहीत. जिथे आहेत तिथे चकमकीसारख्या कडक दगडात आख्ख्या गोगलगाई बसलेल्या दिसतात.

१८३० च्या दशकात माल्कमसन नावाच्या लष्करी डॉक्टरने असे शंख निर्मळच्या डोंगरांतून गोळा केले. निर्मळ म्हणजे नांदेड-किनवटच्या पलीकडे, आपल्यापासून फार लांब नाही. त्या काळी हिंगोलीतही निजामाची छावणी होती. पलटन, रिसाला, तोफखाना, सदर बाजार ही शहरातल्या भागांची नावं तिथलीच.

पुढे १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपुरात आला. धर्मप्रसार हे त्याचं काम, पण दगड दिसला की थांबायचा. नागपूरजवळच्या टाकळीतून त्याने शंख, बिया, फळं, किड्यांचे अवशेष जमवले. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या पाण्यात तो बुडून मेला. पुढे तेलंगणातल्या नासकल गावी अशाच तळ्याच्या गाळातून उंदराएवढ्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले. १९८८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि नाव ठेवलं गेलं ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी’. क्रिटेशस काळातला भारतात सापडलेला तो पहिला सस्तन प्राणी.

दात केवढे, तर दोन-एक मिलिमीटरचे. ते कसे सापडतात? गाळाची पोती भरून आणायची, पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची आणि उरलेला चोथा मायक्रोस्कोपखाली कण कण बघायचा. शेकडो किलो माती आणि हाती एक दात. पुराजीवशास्त्र म्हणजे हॅट घालून वाळवंटात फिरणं, असं ज्यांना वाटतं त्यांना ही चाळणी दाखवायला हवी. घरी तांदूळ निवडणाऱ्या माणसाला हे काम जास्त जमेल.

शेणाची गोष्ट

तिसऱ्या कपाटापाशी हमखास गर्दी होणार आणि हमखास कुणीतरी ‘ईऽऽ’ म्हणणार. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतात डायनासोरची हाडं मिळतात आणि त्यांच्याबरोबर गोल, लांबट, वळ्या पडलेले दगड मिळतात. हे दगड म्हणजे शेण आहे. दगड झालेलं शेण.

हाताला वास लागत नाही, घाबरू नका. हे शेण लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. आत गवत होतं. म्हणजे हिरवं गवत नव्हे, तर गवताच्या पेशींत साठणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण. ज्वारीच्या रानातून उघड्या हातांनी गेलात की पानं कापतात ना, त्यामागेही हीच सिलिका आहे. वनस्पती कुजते, पण हे कण तसेच राहतात. आणि प्रत्येक कुळाच्या कणांचा आकार वेगळा असतो.

२००५ मध्ये हा शोध ‘सायन्स’मध्ये आला तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. तोपर्यंतची समजूत अशी होती की डायनासोर गेल्यानंतर गवत फोफावलं. चित्रकाराने डायनासोरच्या पायाखाली गवत रंगवलं की तज्ज्ञ हसायचे. पिसदुऱ्याच्या शेणात निदान पाच प्रकारची गवतं निघाली. त्यातली काही भाताच्या कुळाशी नातं सांगणारी आहेत, हे २०११ च्या संशोधनातून पुढे आलं. वरणभात खाताना एवढं लक्षात राहिलं तरी बसचा फेरा वसूल.

मला हा नमुना सगळ्यात आवडतो. कारण हाड दिसलं की कुणीही उचलतं. शेण उचलून ‘यात काय आहे’ असं विचारायला वेगळं डोकं लागतं.

आपलं पाणी कुठे जातं?

पुढे नकाशा लावलाय. त्यावर आपला जिल्हा शोधा आणि दोन नद्यांवर बोट ठेवा. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. दुसरीकडे येलदरी-सिद्धेश्वर धरणांची पूर्णा थेट गोदावरीला जाते. आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीलाच मिळते. म्हणजे हिंगोलीच्या गच्चीवर पडलेला पाऊस आणि वसमतच्या हळदीच्या रानात पडलेला पाऊस वेगवेगळ्या वाटांनी निघून शेवटी एकाच ठिकाणी भेटतात.

या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातच ‘बारापासॉरस टागोराय’ सापडला. ‘बडा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. मांडीचं एक हाडच दीड मीटरहून लांब. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास तो उकरला गेला, म्हणून आडनाव टागोरांचं. आज त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. स्टॅटिस्टिक्सच्या संस्थेत डायनासोर कसा? महालनोबिस यांना वाटलं की हाही विषय आपल्याकडे हवा. त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या जीवाश्मतज्ज्ञ बाईंना बोलावलं आणि विभाग सुरू झाला. आपल्याकडे ‘हा विषय आपल्या कॉलेजात बसत नाही’ हे वाक्य ज्यांना सारखं ऐकायला मिळतं, त्यांनी हे जपून ठेवावं.

लातूरचा पाणघोडा

आता शेवटचं कपाट. इथे वेळ काढा.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल. नसेल तर घरात विचारा. त्याच लातूर जिल्ह्यातून वाहणाऱ्या मांजरा नदीच्या काठच्या जुन्या गाळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हजारो वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडं मिळाली. हत्ती, रानटी बैल, घोडा, मगर, कासव. आणि पाणघोडा! गो. ल. बदाम आणि त्यांच्यानंतर विजय साठे यांनी या हाडांवर वर्षानुवर्षं काम केलं. मांजरेकाठचं हारवाडी हे गाव जीवाश्मांच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, लातूरच्या पोरांना किती ठाऊक आहे हा भाग वेगळा.

पाणघोडा टँकरच्या पाण्यावर जगत नाही. त्याला बारमाही खोल डोह लागतात आणि रात्री चरायला काठाने दाट गवत. एक जबडा सापडला की तुम्हाला त्या नदीचं, त्या पावसाचं, त्या काठाचं चित्र मिळतं. मराठवाडा कायमचा कोरडा, हे आपण जन्मापासून ऐकतो. हा जबडा म्हणतो, थांबा, कायमचा म्हणजे नेमका कधीपासून?

मांजरा एकटी नाही. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीच्या गाळातून मोठ्या हत्तीचे अवशेष मिळाले, त्यावर पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिलं. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली. त्यातल्या एका तुकड्यावर सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बारीक रेघांची नक्षी कोरलीय. महाराष्ट्रात शहामृग होता आणि त्याच्या अंड्यावर नक्षी काढायला ज्याच्याकडे निवांत वेळ होता, असा माणूसही होता.

या सगळ्या नद्या गोदावरी आणि तापीच्या घरातल्या. आपल्या पूर्णा, कयाधू, पैनगंगाही त्याच गोतावळ्यातल्या. त्यांच्या काठालाही गाळाच्या उंच दरडी आहेत. पिवळसर माती, मध्येच गोट्यांचा थर, मध्येच वाळूची रेघ. खालच्या गोटे-वाळूच्या थरातच बहुतेक हाडं अडकतात, कारण पुरात वाहून आलेली जड वस्तू तिथेच बसते.

आणि नेमका तोच थर आपण उपसतो.

रात्री नदीत उतरणारे जेसीबी आणि हायवा तुम्ही पाहिले आहेत. वाळूउपशाने पाणीपातळी घटते, पूल खचतात, यावर बातम्या येतात. पण त्या बकेटमध्ये वाळूबरोबर एखादा दात, एखादा कवटीचा तुकडा चाळणीवर आदळला तर? चाळणीवरचा माणूस तो गोट्यांच्या ढिगात फेकतो. त्याला दोष देता येत नाही. हा दगड नसून हाड आहे, हे त्याला कुणी, कधी सांगितलं? आपल्याला तरी कुणी सांगितलं होतं?

बरं, समजा कुणी तो तुकडा उचलून घरी आणला, शोकेसमध्ये ठेवला. तरी अर्धी माहिती गेलीच. जीवाश्म कोणत्या थरात, किती खोलीवर, कोणत्या वस्तूंच्या शेजारी होता, हे त्याचे केसपेपर आहेत. केसपेपर हरवलेल्या पेशंटकडे बघून डॉक्टर जेवढं सांगू शकतो, तेवढंच सुट्या जीवाश्माकडे बघून अभ्यासक सांगू शकतो. म्हणून ही मंडळी हाड दिसलं की आधी काढत नाहीत. फोटो, मोजमाप, थराचं चित्र, जागेची नोंद. मग ब्रशने आणि टोकदार सुईने भोवतीची माती मोकळी करायची. ठिसूळ हाडाला पातळ चिकटद्रव्य पाजायचं. मग ओला कागद, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. मोडलेल्या हाताला घालतात तसं प्लास्टर, फक्त पेशंट हजारो वर्षं जुना. उन्हात बसून एका हाडाला आठवडा लागू शकतो.

औंढ्याजवळ दुधाळ्याला ‘लायगो’ उभं राहतंय. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगोने पहिल्यांदा पकडलेल्या गुरुत्वीय लहरी सुमारे १३० कोटी वर्षं प्रवास करून आल्या होत्या. तसल्या लहरी ऐकायचं यंत्र आपल्या जिल्ह्यात येतंय याचा मला मनापासून आनंद आहे, स्टेटसही ठेवून झालंय. त्याच तालुक्यातून वाहणाऱ्या पूर्णेच्या दरडीकडे बघायला मात्र २६०० कोटींचं यंत्र लागत नाही. डोळे आणि एक वही पुरते.

पण आधी फसायचं कसं नाही, ते शिका

बसमधला सगळ्यात उपयोगी भाग मी दाराजवळ ठेवला असता : ‘हे जीवाश्म नाहीत’.

माळावर कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे दिसतात. दर काही महिन्यांनी त्यांचा ‘डायनासोरचं अंडं सापडलं’ असा व्हिडिओ फिरतो. ते अंडं नाही. बेसाल्ट कोपऱ्यांकडून झिजत झिजत गोल होतो, एवढंच. दगडाच्या चिरेत फांदीसारखी काळी नाजूक नक्षी दिसते. तीही वनस्पती नाही, ते पाण्यातून उतरलेलं मँगनीज आहे. गारगोटीतले चमकणारे स्फटिक म्हणजे दातही नाहीत आणि हिरेही नाहीत.

आणि खरा जीवाश्म? तो कदाचित तुमच्या किंवा शेजारच्या देव्हाऱ्यात आहे. गंडकी नदीतून आलेला चक्राचा शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला शंखधारी जीव. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, याचा तो साक्षीदार. त्याची पूजा करणाऱ्यांनी तो शतकानुशतकं जपून ठेवला. नदीतून उचललेल्या दगडाला इतकं जपणारी आपण माणसं आहोत, ही माझ्या मते मोठी जमेची बाजू आहे.

यात करिअर आहे का, हे विचारल्याशिवाय तुम्ही बसमधून उतरणार नाही, माहीत आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचं संकुल आहे, तिथे एम.एस्सी. करता येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायचं तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते. गावात स्पर्धा परीक्षेचे क्लास लावणाऱ्या कितीजणांना ही परीक्षा माहीत आहे, एकदा विचारून बघा. आर्ट्सवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाकडून याच हाडांपर्यंत पोहोचता येतं. नोकऱ्या ढिगाने आहेत असं मी म्हणणार नाही. नाहीत. जीवाश्म वारशासाठी कायद्याचा मसुदा २०२२ मध्ये जाहीर झाला, तेव्हा कुठे हा विषय सरकारी कागदावर ठळकपणे आला.

पण शोध लागायला नोकरी लागत नाही. पुष्कळदा पहिलं हाड दिसतं ते विहीर खोदणाऱ्याला, गुराख्याला, पोहायला गेलेल्या पोरांना. तर या रविवारी नदीवर जाल, तेव्हा रील काढून झालं की जरा दरडीकडे बघा. पाणी ओसरल्यानंतरचे दिवस सगळ्यात चांगले, नवी माती कापलेली असते. दरडीच्या अगदी खाली उभं राहू नका, ती ढासळते. काही वेगळं दिसलं तर ओढून काढू नका. शेजारी पेन किंवा पाच रुपयांचं नाणं ठेवून फोटो घ्या, एक जवळून, एक लांबून थरासकट. मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा. मग ते फोटो कॉलेजच्या भूगोलाच्या किंवा प्राणिशास्त्राच्या सरांना-मॅडमना दाखवा, विद्यापीठाला किंवा नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला पाठवा. दहापैकी नऊ वेळा उत्तर येईल, ‘साधा दगड आहे.’ हिस्लॉपनेही असे दगड पोत्याने पाहिले असतील.

एक जुनी युक्ती सांगून थांबतो. नदीत सुटा पडलेला तुकडा दगड आहे की हाड, याचा संशय आला तर अभ्यासक त्याला चक्क जीभ लावतात. हाडाला बारीक छिद्रं असतात, ती ओल शोषतात आणि तुकडा जिभेला चिकटतो. दगड सहसा चिकटत नाही. करून बघायला हरकत नाही. फक्त आपल्या नद्यांची सध्याची अवस्था बघता, आधी तो बाटलीतल्या पाण्याने नीट धुऊन घ्या.